हुआ शिओंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'सानगुओ यानयी' म्हणजे चीनच्या तीन राज्यांची ती प्रचंड कादंबरी. ती वाचताना, तिच्यावरची मालिका बघताना किंवा गेम खेळताना हुआ शिओंग हे नाव कानावर येतं आणि येतं न येतं तोच संपतं. पाचव्या प्रकरणात तो अवतरतो, एकामागून एक चौघांना लोळवतो आणि कादंबरीचा एक नायक गुआन यू याच्या हातून मरतो. इतिहासाने तर त्याला पुरतं एक वाक्यही दिलेलं नाही. तरीही त्याच्याबद्दल लोक सारखं विचारत असतात, म्हणून ही प्रश्नोत्तरं एकत्र केली.

हुआ शिओंग खरंच होऊन गेला, की तो कादंबरीतलाच?

होऊन गेला. हान साम्राज्य कोसळत असताना डोंग झुओ नावाच्या सेनापतीने राजधानी आणि बालसम्राट दोन्ही आपल्या मुठीत घेतले होते. हुआ शिओंग त्याच्या फौजेतला एक अधिकारी. इ.स. १९१ मध्ये यांगरेन इथे, डोंग झुओविरुद्ध लढणाऱ्या सुन जिआन या सेनानीच्या सैन्याशी झालेल्या लढाईत तो मारला गेला.

याला आधार आहे चेन शोउ याचा. चेन शोउ (२३३–२९७) हा 'सानगुओ झी' या तीन राज्यांच्या अधिकृत इतिहासाचा लेखक. त्याने सुन जिआनच्या चरित्रात लिहिलंय त्याचा आशय असा: सुन जिआनने पुन्हा सैन्य गोळा केलं, यांगरेनला लढाई दिली, डोंग झुओच्या फौजेचा मोठा पराभव केला आणि तिच्यातल्या हुआ शिओंग वगैरे अधिकाऱ्यांची मुंडकी उडवून टांगली. त्यातलं 'वगैरे' विसरू नका. त्या दिवशी मुंडकं गेलेला हा एकटाच नव्हता, फक्त बाकीच्यांची नावंही उरली नाहीत.

त्याचा हुद्दा 'डूडू' होता असं वाचलं. हा तर सरसेनापतीचा हुद्दा ना?

पुढे झाला, पण तेव्हा नव्हता. झोउ यू, लू शुन ही पुढच्या तीन राज्यांपैकी वू राज्यातली मोठी मंडळी डूडू होती, आणि त्यांच्यामुळे वाचकाच्या डोक्यात या शब्दाला फार वजन आलं आहे. १९१ मध्ये मात्र डूडू म्हणजे फौजेतल्या एखाद्या तुकडीवरचा अधिकारी. यांगरेनवर चालून गेलेल्या सैन्याबद्दलची एक जुनी नोंद सांगते की त्यात पायदळाचे आणि घोडदळाचे असे डूडू कितीतरी होते. मराठेशाहीच्या भाषेत बोलायचं तर हा सरनौबत नव्हे, फार तर एखाद्या पथकाचा म्होरक्या.

कादंबरीत डोंग झुओ खूश होऊन त्याला जागच्या जागी घोडदळातला वरचा हुद्दा देतो आणि पन्नास हजारांची फौज हवाली करतो. इतिहासातली सगळी मोहीमच पायदळ आणि घोडदळ मिळून पाच हजारांची होती, आणि तिचा प्रमुखही हुआ शिओंग नव्हता.

मग प्रमुख कोण होता? यांगरेनला नेमकं काय घडलं?

सगळ्यात रंगतदार भाग हाच आहे, आणि कादंबरीने नेमका हाच टाकून दिला.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९० च्या सुरुवातीला पूर्वेकडच्या प्रांताधिकाऱ्यांनी डोंग झुओविरुद्ध आघाडी उभी केली आणि युआन शाओला तिचा नेता केलं. डोंग झुओने सम्राटाला आणि प्रजेला पश्चिमेला चांगआनकडे हाकललं, राजधानी लुओयांग जाळली, आणि स्वतः मात्र लुओयांगच्या आसपास ठाण मांडून राहिला. आघाडीतले बहुतेक सरदार छावणीत बसून एकमेकांकडे बघत राहिले. खरोखर पुढे सरकत होता तो दक्षिणेकडून येणारा सुन जिआन. लुयांग हा त्याचा तळ आणि युआन शू हा त्याचा पाठीराखा.

१९१ च्या सुरुवातीला लिआंगच्या पूर्वेला डोंग झुओचा सेनापती शू रोंग याने सुन जिआनला सपाटून मार दिला. मोजक्या घोडेस्वारांसह तो कसाबसा वेढा फोडून निसटला, पांगलेली माणसं गोळा केली आणि यांगरेन गावात ठाण मांडलं. हे ठिकाण आजच्या हेनान प्रांतातल्या रुझोउ शहराजवळ येतं. तिथे त्याला चिरडायला डोंग झुओने पाच हजार सैन्य पाठवलं. त्याचा मुख्य सेनानी हू झेन आणि घोडदळाचा प्रमुख ल्यू बू. हो, तोच ल्यू बू, कादंबरीतला अजिंक्य योद्धा.

हू झेन शीघ्रकोपी होता. निघण्यापूर्वीच त्याने जाहीर केलं की या मोहिमेत एखाद्या निळ्या फितीवाल्याचं मुंडकं उडवल्याशिवाय शिस्त यायची नाही. हान काळात हुद्द्याच्या शिक्क्याला बांधलेल्या फितीच्या रंगावरून माणसाची पायरी कळायची, आणि निळी फीत म्हणजे वरच्या दर्जाचा अधिकारी. धमकी शत्रूला नव्हती, आपल्याच माणसांना होती. सरदारांच्या पोटात काय कालवलं असेल याची कल्पना करा.

हुकूम असा होता की ग्वांगचेंगला मुक्काम करायचा, घोड्यांना दाणावैरण द्यायची, माणसांनी जेवून घ्यायचं, रात्री निघायचं आणि पहाटे गावावर तुटून पडायचं. फौज संध्याकाळी ग्वांगचेंगला पोचली ती थकून. तेवढ्यात ल्यू बू आणि त्याच्या सोबत्यांनी आवई उठवली: यांगरेनमधला शत्रू पळून चाललाय, आत्ता पाठलाग केला नाही तर हातचा जाईल! हू झेनची फजिती व्हावी हाच त्यामागचा हेतू. फौज उपाशीपोटी तशीच रात्रीची निघाली. पोचून पाहतात तर गावाचा बंदोबस्त चोख. छापा घालायला वावच नाही. ना खंदक, ना तटबंदी, उघड्यावर चिलखतं उतरवून माणसं आडवी झाली. मग ल्यू बूने दुसरी आवई सोडली: शत्रू बाहेर पडला!

पुढचं सांगायला नको. अंधारात चिलखतं, खोगिरं, घोडी टाकून सगळे धावत सुटले. दहाएक ली, म्हणजे चारपाच किलोमीटर पळाल्यावर कळलं की मागे कोणीच नाही. उजाडल्यावर परत येऊन त्यांनी आपली हत्यारं वेचली.

माझ्या मते हुआ शिओंगच्या मरणाचं खरं कारण इथे आहे. कोणा अतिमानवी वीराशी गाठ पडली म्हणून तो गेला नाही. वरचे दोघे एकमेकांची जिरवण्यात गुंतले होते आणि त्यांच्या हाताखालच्या फौजेत तो होता, म्हणून गेला.

पण या हकिकतीत हुआ शिओंगचं नावच आलं नाही?

बरोबर पकडलंत. वरची आवयांची हकिकत चेन शोउची नाही. ती 'यिंगशिओंग जी' या जुन्या ग्रंथातली आहे. तो ग्रंथ आज सलग उपलब्ध नाही. पेई सोंगझीने ४२९ मध्ये चेन शोउच्या इतिहासावर जी लांबलचक टिपणं जोडली, त्यात हा उतारा टिकला. या उताऱ्यात शेवटी डोंग झुओचं सैन्य गाव न घेता माघारी जातं. मोठी लढाई नाही आणि हुआ शिओंगही नाही. चेन शोउकडे उलट: लढाई आहे, पराभव आहे, मुंडकी आहेत, पण कारणं नाहीत.

अकराव्या शतकात सिमा गुआंगने दोन्ही धागे एकत्र बांधले. १०८४ मध्ये पुऱ्या झालेल्या त्याच्या 'झिझी तोंगजिआन' या इतिहासात नोंद अशी आहे की हू झेन आणि ल्यू बू यांचं पटत नव्हतं, सुन जिआन बाहेर पडून तुटून पडला, त्यांचा धुव्वा उडवला आणि डूडू हुआ शिओंगचं शिर टांगलं. घाबरून, उपाशी, हत्यारं वेचत परत आलेल्या सैन्यावर सुन जिआन चालून गेला असेल तर दोन्ही हकिकती सहज एका दिवसात बसतात. मला हीच जुळणी पटते.

मग गुआन यूने त्याला मारलं ही गोष्ट आली कुठून?

कथाकारांकडून आणि कादंबरीतून. चेन शोउने गुआन यूचं चरित्र वेगळं लिहिलं आहे, त्यात हुआ शिओंगचं नावही नाही. गुआन यूच्या नावावर इतिहासात जो पराक्रम पक्का आहे तो इ.स. २०० मधला, बाइमाच्या लढाईतला: गर्दीत घोडा घालून त्याने युआन शाओचा सेनापती यान लिआंग याला भोसकलं आणि त्याचं शिर घेऊन परतला. हा पराक्रम काही कमी नव्हे. पण कादंबरीच्या क्रमात तो फार उशिरा येतो. गुआन यू कोण आहे हे वाचकाला पाचव्या प्रकरणातच कळायला हवं होतं.

तो कादंबरीतला प्रसंग जरा सविस्तर सांगाल का?

आनंदाने. कादंबरी लुओ गुआनझोंगच्या नावावर आहे, चौदाव्या शतकातली मानली जाते, आणि आज हाती असलेली तिची सर्वांत जुनी छापील प्रत १५२२ ची.

आघाडी चालून येतेय हे कळताच ल्यू बू म्हणतो, मी जातो. त्याच्या पाठीमागून आवाज येतो: कोंबडी कापायला बैलाचा सुरा कशाला? हा हुआ शिओंग. वाघाचं अंग, लांडग्याची कंबर, बिबट्याचं डोकं, वानराचे हात असं त्याचं वर्णन आहे. कोंबडीची ती म्हण कन्फ्यूशियसच्या तोंडची, आणि ती या दांडगटाच्या तोंडी घालण्यात लेखकाची गंमत आहे.

सिशुई खिंडीपाशी तो आघाडीतल्या बाओ शिनचा भाऊ बाओ झोंग याला पहिल्याच झटक्यात कापतो. मग सुन जिआन येतो. युआन शू त्याची रसद अडवतो, सैन्य उपाशी पडतं आणि हुआ शिओंग रात्री छापा घालतो. पळता पळता सुन जिआन दोन बाण सोडतो, दोन्ही हुआ शिओंग चुकवतो, आणि तिसऱ्या वेळी सुन जिआनचं धनुष्यच मोडतं. त्याचा जिवलग साथी झू माओ मालकाचं लाल मुंडासं स्वतःच्या डोक्यावर चढवून शत्रूला भलतीकडे नेतो आणि त्यात जीव गमावतो.

दुसऱ्या दिवशी हुआ शिओंग तेच मुंडासं लांब बांबूवर लटकवून आघाडीच्या छावणीसमोर नाचवतो. आत सगळे सरदार बसलेले. युआन शूचा यू शे बाहेर जातो, तिसऱ्या हातापर्यंतही टिकत नाही. आघाडीतला हान फू म्हणतो, माझा पान फेंग याला मारेल. पान फेंग भली थोरली कुऱ्हाड घेऊन निघतो, आणि थोड्याच वेळात तोही गेल्याची बातमी येते. सगळ्यांचे चेहरे पडतात. युआन शाओ हळहळतो, माझे यान लिआंग आणि वेन चोउ इथे असते तर!

तेव्हा पायऱ्यांखालून एकजण म्हणतो, मी त्याचं मुंडकं आणून देतो. कोण हा? कादंबरीचा मुख्य नायक लिउ बेई याच्या हाताखालचा घोड्यावरचा तिरंदाज गुआन यू. युआन शू खवळतो: एका तिरंदाजाची ही हिंमत, हाकला याला! युआन शाओला चिंता वेगळीच, तिरंदाज पाठवला म्हणून शत्रू हसेल. आघाडीतला दुसरा सरदार त्साओ त्साओ मात्र म्हणतो, हा दिसतो असा की हुआ शिओंगला कुठून कळणार हा साधा तिरंदाज आहे? आणि तो गरम मद्याचा प्याला पुढे करतो. गुआन यू म्हणतो, ओतून ठेवा, मी आलोच.

बाहेर नगारे, आरोळ्या, जमीन हादरल्यासारखा आवाज. आत सगळे कान टवकारून बसलेले. काय झालं ते बघायला माणूस पाठवणार, इतक्यात घुंगरांचा आवाज येतो, गुआन यू आत शिरतो आणि हुआ शिओंगचं मुंडकं जमिनीवर टाकतो. प्याल्यातलं मद्य अजून कोमट असतं.

द्वंद्व दाखवलेलंच नाही, हे लक्षात आलं का? लेखक तंबूच्या बाहेर पाऊलच टाकत नाही. युद्धवर्णनांनी गच्च भरलेल्या या पुस्तकात सर्वांत गाजलेली चकमक वाचकाला दिसत नाही, फक्त ऐकू येते. किती वार झाले, कसे झाले, काही नाही. प्याल्यावरून अंदाज करा. ही करामत मला आजही थक्क करते.

लाल मुंडाशाची गोष्ट तरी खरी आहे का?

बरीचशी. सुन जिआन नेहमी लाल लोकरी मुंडासं बांधत असे. लिआंगच्या पूर्वेला पराभव झाल्यावर त्याने ते काढून झू माओला घालायला लावलं. डोंग झुओचे स्वार झू माओच्या मागे लागले आणि सुन जिआन आडवाटेने सुटला. झू माओ अगदी कोंडीत सापडला तेव्हा घोड्यावरून उतरला, थडग्यांमध्ये एक जळका खांब होता त्यावर मुंडासं ठेवलं आणि स्वतः गवतात लपला. स्वारांनी त्या खांबाला अनेक पदरी वेढा घातला, जवळ गेल्यावर कळलं की हा खांब, आणि निघून गेले.

फरक दोन. त्या चकमकीत हुआ शिओंग होता असं इतिहास म्हणत नाही, तिथे विजयी झाला तो शू रोंग. आणि झू माओ तिथे मेला असंही इतिहासात नाही. कादंबरीत तो जंगलातून दोन तलवारी घेऊन हुआ शिओंगवर धावतो आणि पडतो. हुआ शिओंगला भयंकर दाखवायचं तर कोणीतरी चांगला माणूस मरायला हवा होता.

रसद तोडल्याचं काय?

तीही खरी, पण पराभवाआधीची नव्हे, यांगरेनच्या विजयानंतरची. युआन शूच्या कानात कोणीतरी भरवलं की सुन जिआन लुओयांग घेईल तर मग आवरणार नाही, आणि त्याने धान्य थांबवलं. सुन जिआन रातोरात शंभराहून अधिक ली घोडा पिटाळत लुयांगला गेला, युआन शूसमोर जमिनीवर रेघा ओढून मोहीम समजावली आणि त्याला खजील करून धान्य सुरू करून घेतलं. कादंबरीकाराने हा तुकडा उचलून आधी ठेवला, म्हणजे सुन जिआनच्या पराभवाला कारण मिळालं.

लेखकाने सुन जिआनचं श्रेय गुआन यूला का दिलं?

ही कादंबरी तीन राज्यांपैकी शू राज्याच्या बाजूची आहे. लिउ बेई, गुआन यू, झांग फेई हे तिचे नायक. डोंग झुओविरुद्धच्या युद्धात इतिहासाने या तिघांना सांगण्यासारखं काही दिलेलं नाही. खरं युद्ध केलं सुन जिआनने, ज्याच्या वंशाने पुढे वू राज्य उभारलं. तेव्हा एक विजय इकडून तिकडे नेला. चोरी म्हणा हवं तर.

पण नुसतं तेवढंच असतं तर प्रसंग इतका टिकला नसता. तो सरदारांच्या तंबूचा प्रसंग आहे. हुआ शिओंग हे निमित्त. कोण माणूस बघतो आणि कोण हुद्दा बघतो हे त्या एका प्याल्याभोवती उघडं पडतं. युआन बंधूंना फक्त तिरंदाज दिसतो, त्साओ त्साओला माणूस दिसतो. पुढच्या सत्तरएक प्रकरणांतलं गुआन यू आणि त्साओ त्साओ यांचं गुंतागुंतीचं नातं इथे रुजतं.

आणखी एक गोष्ट मी सांगून ठेवतो, तिचा अर्थ ज्याने त्याने लावावा. चेन शोउच्या त्याच चरित्रात, हुआ शिओंगच्या उल्लेखाच्या थोडं आधी, मद्य आणि शत्रू एकत्र आणणारा प्रसंग आहे, आणि तो सुन जिआनचा. १९० च्या हिवाळ्यात लुयांगच्या पूर्व दरवाज्याबाहेर तो आपल्या माणसांना निरोपाची मेजवानी देत होता. अचानक डोंग झुओच्या सैन्यातले पुढचे स्वार दिसले. सुन जिआन हसत, गप्पा मारत, मद्य फिरवत राहिला. सैन्याला फक्त रांगा नीट करून जागेवर उभं राहायला सांगितलं. शत्रूचे स्वार वाढू लागले तेव्हा तो सावकाश उठला आणि सगळ्यांना शिस्तीत गावात घेऊन गेला. एवढी शांत फौज पाहून शत्रू हल्ला न करताच परतला. श्रेयासोबत प्यालाही सरकला असावा असा मला संशय आहे. पुरावा मागू नका.

हुआ शिओंगने मारलेले चौघे खरे होते का?

झू माओ खरा, पण त्याचं मरण काल्पनिक. बाओ झोंग, यू शे आणि पान फेंग यांचा इतिहासात पत्ता नाही. बाओ शिन या सरदाराचा भाऊ लढाईत पडला हे खरं, मात्र त्याचं नाव बाओ ताओ आणि तो पडला तो १९० मध्ये, शू रोंगविरुद्धच्या लढाईत. थोडक्यात, शू रोंगचे अर्धे विजय कादंबरीने हुआ शिओंगच्या खात्यावर टाकलेत आणि शू रोंगला जवळजवळ पुसून टाकलं. खरा कर्तबगार सेनापती तोच होता, हे सांगायलाच हवं.

पान फेंगचं नशीब मात्र नंतर फळफळलं. 'माझ्याकडे महासेनापती पान फेंग आहे, तो हुआ शिओंगला मारेल' हे हान फूचं वाक्य चिनी इंटरनेटवर विनोदाचा विषय झालं. एवढा गाजावाजा करून गेलेला आणि क्षणात संपलेला माणूस म्हणून त्याच्यावर असंख्य मीम्स निघतात.

तो खरंच नऊ फूट उंच होता?

कादंबरी 'नऊ छ्र' म्हणते. हान काळातला छ्र साधारण २३ सेंटीमीटरचा, म्हणजे दोन मीटरच्या थोडं वर. गंमत म्हणजे गुआन यूची उंचीही कादंबरीत नऊ छ्रच आहे. अंगाने दोघे बरोबरीचे. इतिहासात हुआ शिओंगची ना उंची आहे, ना जन्मगाव, ना वय.

काही ठिकाणी त्याचं नाव 'ये शिओंग' दिसतं. हे काय?

१००८ मध्ये तयार झालेल्या 'गुआंगयुन' या यमककोशात 'ये' आडनावाखाली सुन जिआनच्या चरित्रातला 'ये शिओंग' असा दाखला आहे. तिथे हुद्दाही डूडूऐवजी डूवेई असा आहे. हुआ आणि ये या दोन्ही अक्षरांच्या माथ्यावर गवताचं चिन्ह असतं, घाईच्या हस्ताक्षरात ती एकमेकांसारखी दिसू शकतात. म्हणून छिंग काळातल्या पान मेई या अभ्यासकाने मूळ नाव ये असावं असं मांडलं. सिमा गुआंगने आणि कादंबरीने हुआ हेच वापरलं, त्यामुळे ते रूढ झालं.

सिशुई खिंड आणि हुलाओ खिंड वेगळ्या का?

नाही, एकाच जागेची दोन नावं. कादंबरीने दोन केल्या: एकीपाशी हुआ शिओंग, दुसरीपाशी ल्यू बू. ही जागा लुओयांगच्या पूर्वेला येते, यांगरेन दक्षिणेला. हुआ शिओंगचा पूर्वेकडच्या खिंडीशी इतिहासात काही संबंध नाही.

हू झेनचं पुढे काय झालं?

कादंबरीत तो हुआ शिओंगचा दुय्यम आहे आणि सुन जिआनचा सरदार चेंग पू त्याला आधीच भाल्याने मारतो. मालक आणि चाकर यांची अदलाबदल! इतिहासात तो यांगरेनमधून वाचला. १९२ मध्ये ल्यू बूने डोंग झुओचा खून केला. त्यानंतर डोंग झुओचे जुने सरदार चांगआनवर चालून आले तेव्हा त्यांना अडवायला शू रोंग आणि हू झेन यांना पाठवलं गेलं. शिनफेंगला शू रोंग लढता लढता पडला आणि हू झेन आपल्या लोकांसह शत्रूला मिळाला.

नाटकांत आणि गेममध्ये तो कसा दिसतो?

पेकिंग ऑपेरात 'सिशुई खिंड' किंवा 'हुआ शिओंगचा वध' या नावाने हा प्रसंग होतो, आणि अर्थात गुआन यूच्या लाल चेहऱ्यासाठी लोक जातात. 'डायनेस्टी वॉरियर्स' या जपानी गेममालिकेत तो वर्षानुवर्षं पहिल्या टप्प्यात मारायचा एक साधा अधिकारी होता. २०१८ च्या नवव्या भागात, जादा पैसे मोजून घ्यायच्या पात्रांत का होईना, तो खेळता येऊ लागला.

सगळ्यात खोचक चेष्टा 'सानगुओ शा' या चिनी पत्त्यांच्या खेळाची. त्यातल्या एका रूपात हुआ शिओंगला भरपूर प्राण दिलेत. पण लाल पत्त्याचा किंवा मद्याच्या पत्त्यासोबत केलेला वार लागला की त्याची प्राणांची कमाल मर्यादाच कायमची घटते. त्याच खेळात गुआन यू कुठलाही लाल पत्ता वार म्हणून वापरू शकतो.

महाराष्ट्रात याच्याशी जोडलेलं काही आहे का?

हुआ शिओंगशी नाही, त्याला कादंबरीत मारणाऱ्याशी आहे. मुंबईत माझगावला सी युप कून हे १९१९ साली बांधलेलं छोटं दुमजली चिनी देऊळ आहे. खाली करुणेची देवी क्वान यिन आणि वरच्या मजल्यावर क्वान कुंग. क्वान कुंग म्हणजे देव झालेला गुआन यू, इमान आणि न्यायाचा रक्षक. दुकानदार त्याला पूजतात, हाँगकाँगमध्ये पोलीसही आणि गुंडांच्या टोळ्याही.

वाचायला सुरुवात कुठून करू?

कादंबरीचं पाचवं प्रकरण आधी वाचा, ते स्वतंत्रही कळतं. मग 'सानगुओ झी'मधलं सुन जिआनचं चरित्र, पेई सोंगझीच्या टिपणांसकट. हा सेहेचाळिसावा खंड, वू राज्याच्या भागातला पहिला. हुआ शिओंगच्या नावाने वेगळं चरित्र शोधत बसू नका, ते लिहिलंच गेलेलं नाही.